टायरची काही तक्रार नाही

सुजितला खरं तर शेजारच्या दुकानात जायचं होतं. ते जेवायला बंद होतं, म्हणून चामटोलीहून आलेली त्याची नवीकोरी जीप उल्हासनगरात अक्षदाच्या पप्पांच्या टायरच्या दुकानाच्या दारात येऊन थांबली.

"रुंद अलॉय रिम दाखवा. आणि सगळ्यांत उंच टायर," तो उतरता उतरता म्हणाला. मग काउंटरमागे पोरगी बघून गडबडला. "मालक... आहेत का?"

"पप्पा आत जेवतायत. टायर मीच दाखवते. गाडीत अजून काय काय बदललंय?"

"काहीच नाही. कंपनीतून आली तश्शीच आहे."

"मग उंच टायर मावणार कुठे?" तिने त्याला स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं, चाक आणि मडगार्डच्या मध्ये हाताचा पंजा घातला. "एवढीच जागा. वळताना घासेल."

जागा बघायची सोडून सुजित त्या हाताकडेच बघत होता.

त्या दिवशी काही ठरलं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. तो अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला होता. सुटला की थेट यायचा. कधी रिम काळी हवी, कधी चंदेरी, कधी चिखलात चालणारे टायर, तर कधी "मित्र बोलतो, उंचच घे भाई." अक्षदाही कंटाळत नव्हती. तीच ती रिम पुन्हा पुन्हा खाली काढून दाखवत होती. हे काही धंद्याचं लक्षण नव्हे, आणि ते तिलाही कळत होतं.

"शेवटी तूच सांग," एका शनिवारी तो म्हणाला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनीही लक्षात आल्याचं दाखवलं नाही. "तू म्हणशील ते बसवतो. उंच घेऊ?"

इथे मात्र तिचं मन डळमळलं. उंच टायर घासले असते, आवाज आला असता, तो आठवड्याभरात परत आला असता, मग पुन्हा... आणि बरोबर टायर बसवले, की संपलं. पप्पा नेहमी म्हणायचे, चांगला टायर विकला की गिऱ्हाईक चार-पाच वर्षं तोंड दाखवत नाही. अक्षदाला तो आवडत होता, अगदी मनापासून आवडत होता; आणि एकच खोटं बोललं की तो परत येणार होता.

"कंपनीच्याच मापाचे घे," ती म्हणाली. "रस्ता आणि माती, दोन्हीला चालणारे. रिम आवडेल ती घे, फक्त मडगार्डच्या बाहेर येणारी नको."

"नक्की?"

"नक्की." असं म्हणून ती पाना शोधायला आत गेली, आणि गरजेपेक्षा जास्तच वेळ शोधत राहिली.

जीप खरंच देखणी दिसत होती. सुजित गेला. पुढचा शनिवार कोरडा गेला, त्याच्या पुढचाही.

"त्या चामटोलीवाल्याची काही कंप्लेंट?" पप्पांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि स्वच्छ असलेल्याच टायरवर फडका मारत बसली.

मग जीप आली. अक्षदा बाहेर धावली – हो, धावलीच, उगाच खोटं कशाला सांगा!

"घासतंय का? आवाज येतोय?"

"नाही ना! खड्ड्यात घातली, शेतात घातली, काहीच होत नाही. इतके दिवस बहाणा शोधतोय. हवा सोडून आणणार होतो, पण तू पकडलं असतंस." त्याने चाकावर एक थाप मारली. "टायरची काही तक्रार नाही, अक्षदा. मलाच... तुझ्याशिवाय करमत नाही."

तिचे कान तापले. "मी तुला उंच टायर देणार होते," ती हळूच म्हणाली. "म्हणजे तू परत आला असतास."

"मग दिले का नाहीस?"

"अरे, घासले असते ना!"

तो हसला. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "ऐक ना... गाडीत आई बसलीय. तिला टायरमधलं काही कळत नाही. ती तुला बघायला आलीय. तू नको म्हणालीस तर सांगेन तिला, हवा भरायला थांबलो होतो."

अक्षदाने ओढणीला हात पुसले. जीपला वळसा घालून ती पलीकडे गेली, दार उघडलं आणि आत बसलेल्या त्याच्या आईला हात दिला.

"मावशी, सावकाश उतरा. पप्पा आतच आहेत."