मंगळवारचे मास्तर

त्या सोमवारी मी निघालो तो ऑपरेटरबाईंच्या काठीचं टोक बदलून द्यायला. पांढऱ्या काठीचं टोक चपलेच्या टाचेसारखं झिजतं, पण त्याला महिने लागतात. बाईंनी पंधरा दिवसांत झिजवलं होतं. एवढ्या चालल्या तरी कुठे, असं मनात आलं. पण शिष्य मेहनती निघाला की मास्तराची छाती फुगते, तशी माझीही फुगली.

उतारवयात नजर गेलेल्यांना मी चालायला शिकवतो. घरात, जिन्यावर, रस्त्यावर, न पडता. बावीस वर्षं हाच धंदा आहे. ऑपरेटरबाई पंचाहत्तरीच्या. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात गेली, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलेलं. नवरा गेल्यापासून त्या बैठ्या घरात एकट्याच राहायच्या. मुलगा म्हणायचा, आता माझ्याकडे चल. बाई म्हणायच्या, या घरातून मी आडवीच निघेन. शेवटी मायलेकात ठरलं की मास्तरांनी दोन महिने शिकवायचं आणि लेखी अहवाल द्यायचा. मी ‘एकट्या राहू शकतात’ असं लिहिलं तर घर राहणार, नाहीतर दाराला कुलूप.

आमच्या कामात एक रीत आहे. नजर गेलेल्या माणसाला ओढायचं नाही. आपल्या हाताची पाठ त्याच्या हाताला टेकवायची. मग तो आपला दंड कोपराच्या वर धरतो आणि अर्धं पाऊल मागून चालतो. वाट अरुंद झाली की आपण तो हात पाठीमागे घ्यायचा, म्हणजे तो आपल्या मागे येतो. पायरी आली की थांबायचं. आणि हात लावण्याआधी तोंडाने सांगायचं, की मी अमुक, आलोय. हा शेवटचा नियम मी पाळत नसे. मला बडबडीचा कंटाळा. एकदा ओळख झाली की मी नुसता हात टेकवायचो. ही चूक माझी, आणि ती मी कबूल करतो.

टोक बसवून झाल्यावर मी बाईंना पॅसेजमध्ये नेलं. अरुंद वाटेची खूण त्या दिवशी पहिल्यांदा शिकवायची होती. मी हात नुसता मागे घ्यायला लागलो, तोच बाई सफाईने माझ्या मागे आल्या.

“हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

“कुणी म्हणजे? तुम्हीच की. मंगळवारी.”

“बाई, मी सोमवारी आणि गुरुवारी येतो.”

“आणि मंगळवारी. त्या दिवशी तोंडात मिठाची गुळणी धरून येता.” त्या हसल्या. “एक अक्षर बोलाल तर शपथ!”

मला आधी हसू आलं, मग काळजी वाटली. म्हातारीचं डोकं फिरलं की काय? की घरात भुरटा चोर शिरतो? पण दाराला आतून कडी असते, मागच्या खिडकीला गज आहेत. मुलाला फोन केला. तो म्हणाला, मंगळवारी तिच्याकडे कुणीच येत नाही.

“आवाजावरून माणसं ओळखण्यात माझी हयात गेली, मास्तर,” बाई म्हणाल्या. त्या आता हसत नव्हत्या. “न बोलणाऱ्याला मी कशी ओळखणार? हात तुमच्यासारखाच टेकवला... मी धरला.”

“मग?”

“मग चालवतो. बराच वेळ. पॅसेज आपला केवढा... पण आम्ही चालतच असतो. शेवटी तो थांबतो, पुढे पायरी असल्यासारखा. मी म्हणते, माझ्या घरात पायरी नाही. आणि हात सोडते.”

मी ‘तुम्ही’ होतो तो मधेच ‘तो’ झालो, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं. बाई म्हणाल्या, चहा टाकते.

शिष्याची अडचण कळावी म्हणून आम्ही स्वतः डोळ्यांना पट्टी बांधून चालून बघतो. तेच करायचं मी ठरवलं. दुपारचे चार वाजले होते, स्वयंपाकघरात आधण खदखदत होतं. पॅसेजच्या तोंडाशी मी पट्टी बांधली. दहा-बारा पावलांचा तो पॅसेज, त्यात भ्यायचं काय?

चार पावलं गेलो असेन, तोच माझ्या हाताला एका हाताची पाठ टेकली.

मला वाटलं, बाईच. चेष्टा करताहेत. सवयीने मी दंड धरला. लांब बाहीचं जाड कापड होतं, आणि आतला हात पुरुषाचा होता. खूप दिवस बंद असलेली पेटी उघडल्यावर येतो तसा वास आला. हात सोडायला हवा होता, कळत होतं. पण पाय चालत राहिले. चालणं छान होतं, हे सांगायला लाज वाटते. इतकं चांगलं मी कुणाला कधी चालवलेलं नाही. आधणाचा आवाज मागे मागे गेला आणि बंद झाला. दहा, वीस, चाळीस पावलं... मग तो हात पाठीमागे गेला. मी त्याच्या मागे झालो. मग तो थांबला.

बावीस वर्षांची सवय. थांबला म्हणजे पायरी. मी पाय पुढे करून चाचपलं आणि टेकवला. पाय खाली गेला.

“मास्तर! साखर किती घालू?”

बाईंची हाक आली, पण ती माझ्या डोक्यावरून आली, माडीवरून खाली यावी तशी. मी हात झटकून पट्टी ओरबाडली. पॅसेजच्या टोकाला, भिंतीसमोर, सपाट फरशीवर मी उभा होतो. चहा तसाच टाकून मी घर गाठलं.

अहवालात मी लिहिलं, ‘मनाने गोंधळलेल्या आहेत. एकटं ठेवणं धोक्याचं.’ हे धादांत खोटं होतं. इतकी तल्लख शिष्या मला मिळाली नव्हती. पण त्या घरातून म्हातारी सुटली पाहिजे, एवढंच मला दिसत होतं. त्याच आठवड्यात मुलाने घराला कुलूप लावलं.

मन खात राहिलं. महिन्याभराने मी मुलाकडे बाईंना भेटायला गेलो. चौथ्या मजल्यावर, खिडकीपाशी खुर्चीत बसून होत्या. सून भली आहे, पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देते, उठू देत नाही. मी खरं काय ते सगळं सांगितलं. नवा अहवाल लिहून देतो म्हणालो.

“घर विकलं, मास्तर. गेल्याच आठवड्यात.” बाई शांतपणे म्हणाल्या. “पण त्या घरात काही होतं असं तुम्हाला का वाटलं?”

“म्हणजे?”

“तुम्ही शिकवायला यायच्या आधी कित्येक वर्षं मी तिथे एकटी राहिले. कधी कुणी आलं नाही. इथेही येत नाही. सोमवारी तुम्ही येऊन गेलात की दुसऱ्या दिवशी यायचा. तो घराचा नव्हता हो.”

म्हणजे बाईंचं घर मी फुकटच घालवलं होतं.

माझ्या दिशेला तोंड करून बाईंनी हळूच विचारलं, “मी एकही पायरी उतरले नाही... तुम्ही?”

“एक,” मी म्हणालो. “एकच.”

“मग परत चढलात ना?”

मी आठवून पाहिलं. रोज आठवून पाहतो. पाय खाली गेला होता, हे नक्की. वर आल्याचं मला आठवत नाही.