ड्रममधले खडे

वृषालीबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. भूत, करणी असलं काही कानावर आलं की त्यांचं डोकंच फिरायचं. आदिलाबाद जिल्ह्यात नार्नूरकडच्या एका वस्तीतल्या त्यांच्या शाळेच्या बोअरच्या पाण्यात युरेनियम निघालं, तेव्हा गाळणीचा ड्रम बसवून घ्यायला सगळ्यांच्या आधी त्याच धावल्या.

ड्रममध्ये करड्या खड्यांचा थर होता. खडा वरून साधा, आतून सगळी जाळीच. पाणी खाली उतरतं, विष खड्यात अडकतं. "एकदा धरलं का मंग सोडत नाई, मॅडम," ड्रम बसवणारा हर्षदीप छाती ठोकून सांगायचा. पाणी तपासायचा मीटरही त्याच्याच बाजूने बोलायचा.

पोरांना मात्र वेगळाच खेळ सापडला. झाकण सरकवायचं अन् आत ओरडायचं. कुठल्याही ड्रममध्ये आवाज घुमतो, यात घुमेना. ओरडण्यात सगळ्यांच्या पुढे मैत्री, बाईंचीच दुसरीतली पोर. तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं तिच्या.

कापूस फुटेस्तोवर शाळा शांत झाली. पोरांना शिस्त लागली म्हणून बाई आधी खूशच होत्या. मग एका सकाळी मैत्रीने चहा मागायला तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आला नाही. आदिलाबादच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, सगळं ठीक आहे म्हणाले. पोर पुन्हा बोलावी, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यातच खडे बदलायची वेळ आली. जुन्या खड्यांतलं विष बाहेर पडू नये म्हणून हर्षदीप ते खडे शाळेमागे सिमेंटमध्ये कालवून पिंपात भरत होता. एक खडा पायरीवर उन्हात वाळत पडला होता. कोरडा खडा पाण्यात टाकला की आतली हवा चरचरत बाहेर येते, हे बाईंनीच वर्गात दाखवलं होतं. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तो चिमट्याने उचलून पाण्याच्या ग्लासात सोडला.

चरचर झाली. एक बुडबुडा वर येऊन फुटला.

"आई, घरी चाल ना."

मैत्रीचा आवाज. मैत्री शेजारीच उभी होती, तोंड मिटून.

बाई तिचा हात धरून शाळेमागे धावल्या.

"भाऊ, थांबा. ते खडे काढा बाहेर."

"आता कसे काढू, मॅडम? भरलं ना पिंप." हर्षदीप हसला. "काऊन घाबरून राह्यल्या? शंभर वर्षं काई बाहेर नाई येत."

ओल्या सिमेंटवर बारीक बुडबुडे येत होते. एकेक फुटत होता, अन् प्रत्येकासरशी मैत्रीचे ओठ हलत होते.

हर्षदीपने थापी फिरवून सगळं सपाट केलं.

मैत्रीचे ओठ थांबले.