थव्यातला एक

डेलावेअरच्या किनाऱ्यावर त्या सकाळी रेड नॉट पक्ष्यांचा एवढा मोठा थवा उतरला होता की वाळू दिसेना. तरीही जगन्नाथ परुळेकरांच्या अनवाणी पायांना नालखेकड्यांची हिरवट, मोहरीएवढी अंडी चिकटतच होती. वेंगुर्ल्याहून लेकीकडे राहायला आलेला हा गृहस्थ जात्याच चौकस. नसत्या चौकशा करणारा, म्हणा हवं तर. हे पक्षी उपाशी येतात म्हणतेस, मग अंडी तशीच कशी, असं त्यांनी मैथिलीला विचारलं.

मैथिली पक्ष्यांची शास्त्रज्ञ. तिने समजावलं, की हा लाल छातीचा पक्षी दक्षिण अमेरिकेच्या टोकाहून पार उत्तर ध्रुवाकडे जातो. वाटेत इथे उतरून अंड्यांवर ताव मारतो, दुप्पट जड होतो, मगच पुढे उडतो. पण थवा लहान झाला, तर उरलेले वाटच धरत नाहीत. म्हणून पक्षी घटू लागले तेव्हा तिच्या संस्थेने 'सोबती' सोडले, म्हणजे हुबेहूब तसेच उडणारे, ओरडणारे यंत्रपक्षी. ओळखीसाठी पायात कडी घातली, तर खरे पक्षी बुजायला लागले. मग कडीही काढली. पुढे थव्यात जेवढी घट दिसेल तेवढे नवे सोबती संस्थेची यंत्रणाच आपणहून सोडू लागली, मोजणारे दुर्बिणीतून सगळेच मोजत राहिले, आणि आलेख काही खाली येईना. आता बोला!

जगन्नाथरावांना मात्र कल्पना आवडली. सोबतीची किंमत त्यांना ठाऊक होती. वेंगुर्ल्याचा त्यांचा म्हाताऱ्यांचा कट्टा रोज पडद्यावर भरायचा. तिकडची संध्याकाळ ती इकडची सकाळ. मैथिलीनेच तो जुळवून दिला होता. तो नसता, तर या परमुलखात त्यांना वेड लागलं असतं.

"मग यातले खरे किती?" त्यांनी विचारलं.

"वाळूखाली वजनकाटा बसवलाय, बाबा. वजन एकाचंच वाढतंय."

मैथिलीला आजच सरकारला आकडा कळवायचा होता. थव्याचा आकडा दिला, तर पक्षी भरपूर आहेत म्हणून नालखेकडे पकडायची बंदी उठणार, आणि त्या एकाच्या तोंडचा घास जाणार. खरा आकडा दिला, तर संस्था सोबती परत बोलावणार, आणि तो वाळूवर एकटाच बसून राहणार.

मनापासून बोलताना जगन्नाथराव मालवणीवर यायचे. "खरा काय ता सांग गो," ते म्हणाले. "खोट्या सोबतीपेक्षा एकटो पडलेलो बरो."

मैथिलीने विचारलं, "नक्की, बाबा?"

तेवढ्यात कट्ट्याची वेळ झाली. फोनच्या पडद्यावर तात्या गावकर नेहमीसारखे खळखळून हसत होते. जगन्नाथरावही हसले आणि हसता हसता थबकले. तात्यांना दमा. दोन वाक्यं बोलले की खोकल्याची उबळ यायची. तो खोकला शेवटचा कधी ऐकला, ते त्यांना आठवेना. कट्ट्यावर हल्ली कुणाचे गुडघेही दुखत नव्हते, कुणाचं पोट बिघडत नव्हतं.

त्यांनी फोन छातीशी उलटा धरला.

"मैथिली, आमच्या कट्ट्यावर खरे कितके आसत?"

तिने मान खाली घातली. "एक," त्यांच्याकडे बोट करत ती म्हणाली.

छातीशी धरलेल्या फोनमधून तात्या हाका मारत होते, "अरे जगू, खंय गेलंस? सगळे तुझीच वाट बघतत."