तीन चाळीसचं क्रॉसिंग

चढणीची मालगाडी बाजूच्या लाइनीवर धापा टाकत थांबली होती, आणि वरून उतरणारी पॅसेंजर वळणावर दिसू लागली होती. फलाटाच्या अगदी कडेला एक तरुण काठी टेकून, मान लांब करून उभा होता.

"अहो, मागे व्हा! गाडीला मिठी मारायचीय का?" स्टेशन मास्तरीण ओरडली.

तो दचकून मागे सरला. "सॉरी हं, मॅडम. दोन गाड्यांना इतक्या जवळून भेटताना कधी पाहिलं नव्हतं."

"भेटत नाहीत त्या. क्रॉसिंग म्हणतात त्याला."

"तुम्ही म्हणत असाल..."

हसू लपवायला तिनं हातातली झेंडी उगाचच झटकली.

दुसऱ्या दिवशी तीन चाळीसला तो पुन्हा हजर. खालच्या गावात त्याचं आणि वडिलांचं पुस्तक-बांधणीचं दुकान होतं. घोटा मोडला म्हणून तो वर बहिणीकडे विश्रांतीला आला होता.

"डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय," तो म्हणाला.

"माझ्याच फलाटावर?"

"जागा त्यांनी माझ्यावर सोडलीय."

लहानपणापासून त्याला इंजिन चालवायचं होतं. पण डोळ्यांच्या तपासणीत लाल-हिरवं ओळखता येईना, आणि सगळं तिथंच संपलं. हे सांगताना तो हसत होता, पण नजर मात्र मालगाडीच्या इंजिनावरच होती. तिला एकदम वाटलं, याच्या खांद्यावर हात ठेवावा.

"मग पुस्तकांच्या कापडाचे रंग कसे निवडता?"

"बाबा निवडतात. म्हणून तर अजून गल्ला त्यांच्याच हातात आहे! ... तुमची ओढणी कुठल्या रंगाची?"

"ओळखा."

"छान रंगाची," तो म्हणाला, आणि तिनं ओढणी पुन्हा खांद्यावर सारखी केली.

पाच आठवडे असे गेले. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहायच्या, चहाचे कप खिडक्यांतून आत जायचे, धुक्यात डिझेलचा वास रेंगाळायचा. मग एक वर जायची, एक खाली. त्यानंतर तो अजून थोडा वेळ बाकावर बसायचा, आणि ती रजिस्टर घेऊन उगाच दारात उभी राहून लिहायची.

पण त्या स्टेशनावर नेमलेली ती पहिलीच बाई. पहिलं वर्षभर ड्रायव्हर लोक तिलाच विचारायचे, "साहेब कुठे आहेत?" ते विचारणं बंद करायला तिला फार झिजावं लागलं होतं. त्यामुळे मालगाडीचा गार्ड एकदा डोळा मिचकावत म्हणाला, "काय मॅडम, आज किती जणांचं क्रॉसिंग?" तेव्हा तिच्या कानशिलापर्यंत आग गेली. रूळ बदलणारे पॉइंट्समन काकाही गालात हसले. जुनाजाणता माणूस, त्यात वाईट काहीच नव्हतं. पण तिला ते लागलं.

नेमका दुसऱ्याच दिवशी तो बॅग घेऊन आला. हातात काठी नव्हती.

"पाय बरा झाला... आज जातोय. आता इथं यायला कारण उरलं नाही." तो थांबला. "तुम्ही दिलंत तर मात्र—"

"तर काय?"

"तर रविवारी परत येईन. आईबाबांना घेऊन. तुमच्या घरी."

 तिच्या ओठांवर शब्द आलाही होता... पण समोर गार्ड उभा होता, काका उभे होते, दोघांचे कान इकडेच.

"प्रवाशांनी डब्यात बसून घ्यावं," ती म्हणाली. मोठ्यानं. कोरड्या, सरकारी आवाजात.

त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "हो... बरोबर आहे," म्हणत तो चढला, आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. गाडी सुटेपर्यंत त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही.

तिच्याकडे त्याचा फोन नंबर नव्हता. रोज येणाऱ्या माणसाचा नंबर कोण मागतं? त्याच्या बहिणीला विचारता आलं असतं, पण विचारायचं म्हणजे पुन्हा चार लोकांत बोभाटा. आज जाऊ, उद्या जाऊ करत तिनं चार महिने घालवले. शेवटी एका सकाळी रजा टाकून ती खालच्या गावी उतरली.

दुकानात खळीचा वास होता. तो पुस्तक शिवत होता. तिला पाहताच सुई तशीच धरून उभा राहिला.

"या, या! काय बांधायला आणलंय?" वडिलांनी विचारलं.

तिनं काहीच आणलं नव्हतं.

"बाबा, या... त्या स्टेशनच्या मॅडम."

वडिलांचा चेहरा क्षणभर उजळला, आणि मग पडला. "अच्छा... तुम्ही होय! अहो, इथं रोज तुमचंच नाव. याच्या आईनं तर रविवारी नेसायची साडीसुद्धा काढून ठेवली होती." ते अडखळले. "मागच्याच आठवड्यात ठरलं हो याचं." आणि चहा सांगायच्या निमित्तानं ते बाहेर गेले.

ज्याला ती लोकांपासून लपवत राहिली, त्यानं घरभर तिचंच नाव घेतलं होतं. तिला मान वर करवेना.

"मी त्या दिवशी हो म्हणणार होते," ती कशीबशी म्हणाली.

"कधी?"

"गाड्या सुटल्यावर..."

तो हसला, पण डोळे भरून आले. "मी कितीतरी दिवस फोनची वाट पाहिली. ताईचा नंबर तुमच्या स्टेशनवरच्या काकांकडे होता."

"आणि आता?"

त्यानं सुई पुस्तकात खोचून ठेवली. "ती चांगली आहे, मॅडम. माझ्यावर विसंबून आहे."

"मग तिला ताटकळत ठेवू नका," ती म्हणाली आणि चहा न घेताच उठली. कोपऱ्यापर्यंत तो सोबत आला. 

दुसऱ्या दिवशी ती कामावर होती. मालगाडी येऊन थांबली. गार्ड खाली उतरला, बाकाकडे पाहून म्हणाला, "मॅडम, ते तुमचे गाड्या बघणारे हल्ली दिसत नाहीत?"

काका इंजिनाजवळ होते. फलाटावर दहा-बारा माणसं होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "नाही येणार आता ते. मला फार आवडायचे. वेळेवर सांगितलं नाही मी."

गार्डनं टोपी काढली.  वरच्या वळणावर पॅसेंजरनं शिटी दिली, आणि ती फलाटाच्या टोकाकडे चालू लागली.