एकेचाळिसावी तबकडी

पोलीस ठाण्यातला फोन साडेचारला वाजला. बोलणारी बाई परगावाहून बोलत होती, आणि पत्त्याबरोबरच तिनं खून कुणी केला तेही सांगून टाकलं.

“माझ्या वडिलांना त्यांच्या सांभाळणारीनं मारलंय. ती अजून घरातच आहे. पळून जायच्या आत पोचा.”

इन्स्पेक्टर बाई पोचल्या तेव्हा पळायचं कुणाच्या मनात दिसेना. सगळे जिला मावशी म्हणत ती पन्नाशीची सांभाळणारी जिन्याच्या वरच्या पायरीवर, औषधाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आपण आधी मुलीला कळवलं, पोलिसांना कळवायचं सुचलंच नाही, एवढंच तिनं सांगितलं. तिथूनच तिचं नशीब फिरलं.

मुलीचे वडील, सगळ्यांचे काका, आतल्या खोलीत पालथे पडले होते. डोक्याच्या मागे एकच घाव. शेजारी ग्रामोफोनला चावी द्यायचं लोखंडी हँडल, लख्ख पुसलेलं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं आणि ग्रामोफोनचं लाकूड हाताला पोळत होतं. झाकण उघडं, सुईचा दांडा जागेवर, फिरती थाळी रिकामी. बाजूला एक कोरं करकरीत पाकीट आणि एक वही.

भिंतीला काचेचं मोठं कपाट होतं. त्यात लाखेच्या जुन्या तबकड्या उभ्या, सगळ्या एकसारख्या खाकी पाकिटांत. पाकिटांवर ना नाव, ना आकडा. कपाटाखालच्या उघड्या फळीवर आणखी बऱ्याच तबकड्या होत्या. बाकी घरात कशालाही हात लागलेला नव्हता.

खालच्या मजल्यावरच्या शिंप्यानं शिवणयंत्र न थांबवताच साक्ष दिली.

“तीनच्या सुमारास वर गाणं लागलं. मधेच चर्रकन आवाज झाला आणि बंद पडलं. मग काहीतरी धपकन पडलं. म्हाताऱ्याच्या हातून खुर्ची पडली असेल म्हटलं.”

“जिन्यावरून कोण गेलं?”

“जिना मागच्या अंगाला आहे, बाई. मला दिवसभर सुईचं भोक दिसतं, तेच पुष्कळ.”

मावशीचं म्हणणं, ती पावणेतीनला औषधाला गेली आणि पावणेचारला परत आली. दुकानात गर्दी होती, दुकानदाराला तिचा चेहरा आठवेना, आणि बिल तिनं घेतलं नव्हतं.

“ग्रामोफोनला तुम्ही कधी हात लावायच्या?”

“नाही.”

“कधीच नाही?”

“मला काय कळतंय त्यातलं.”

रात्रीपर्यंत ठशांचा निकाल आला. ग्रामोफोनच्या सुयांच्या डबीवर जिकडे तिकडे मावशीची बोटं होती. ती धडधडीत खोटं बोलली होती. तिला कोठडीत बसवताना इन्स्पेक्टर बाईंना काही फार बरं वाटलं नाही, पण खोटं बोलणाऱ्याला मोकळं सोडायला त्या पोलिसांत भरती झाल्या नव्हत्या.

सकाळी घड्याळजी आले. काकांचे सदतीस वर्षांचे दोस्त. चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान, भिंग सदा खिशात, डोळे रडून लाल. दोघांनी मिळून बाजार, गुदामं, मोडकळीला आलेली घरं पालथी घालून हा संग्रह केला होता. काही चोरीला गेलंय का ते बघा म्हटल्यावर त्यांनी काचेच्या कपाटावरून नजर फिरवली आणि मान हलवली. सगळं जागच्या जागी होतं.

“या वरच्या एवढ्या नव्यासारख्या कशा राहिल्या?”

“कधी वाजवल्याच नाहीत. लोखंडी सुई तबकडीला दर खेपेला थोडं खातेच. वरच्या कपाटातल्या एकीलाही सुई लागू द्यायची नाही, असं आम्ही ठरवलं होतं. जगात कुठे एवढ्या कोऱ्या मिळायच्या नाहीत.”

“मग काका काय ऐकायचे?”

“खालच्या फळीवरच्या झिजक्या.”

“तुम्ही इथे शेवटचे कधी आलात?”

“दहा दिवस झाले असतील.”

घड्याळजी गेल्यावर इन्स्पेक्टर बाईंनी वही उघडली. काकांच्या थरथरत्या अक्षरात रोजची एक ओळ होती: तारीख, एक आकडा, आणि ‘सुई नवी’. अशा एकेचाळीस ओळी. शेवटची ओळ कालची. आकडे कसले, ते कळायला त्यांना अर्धा तास लागला. प्रत्येक तबकडीत मधल्या कागदी गोलाभोवती जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यात एक बारीक आकडा उमटवलेला होता. वरचं कपाट त्याच आकड्यांच्या क्रमानं लावलेलं होतं.

वही घेऊन त्या कोठडीत गेल्या.

“मावशी, रोज एक तबकडी कोण लावायचं?”

मावशीनं वही हातात घेतली. मग बांध फुटल्यासारखी बोलली. डॉक्टरांनी काकांना थोडे महिने दिले होते. मेल्यावर या तबकड्या कुणी ऐकायच्या, असं एक दिवस ते म्हणाले आणि वरच्या कपाटातली पहिली तबकडी काढली. तेव्हापासून रोज दुपारी एक. तबकडी काढायचे ते स्वतः, पण हात कापायचे म्हणून सुई मावशी बसवायची, चावी तीच द्यायची. ऐकून झाली की तबकडी नव्या पाकिटात घालून खालच्या फळीवर ठेवायची, तेही तीच. जुनं पाकीट वर रिकामंच उभं राहायचं.

“रिकामं का?”

“घड्याळजींना फट दिसू नये म्हणून. ते फार चिडतील, म्हणायचे.”

“आणि काल?”

“काल काढून ठेवली होती, मी सुईही बसवली, त्यांनी वहीत लिहिलं. मग औषध संपलेलं दिसलं. म्हणाले, जाऊन ये, आल्यावर ऐकू.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“बाई, एक म्हातारा आणि एक पगारी बाई भरदुपारी दार लोटून गाणी ऐकत बसतात. त्यांची लेक काय म्हणेल? उद्या दुसऱ्या घरात मला कोण ठेवून घेईल? नावावरच पोट आहे माझं.”

इन्स्पेक्टर बाईंना तिचा रागही आला आणि कीवही. त्या परत काकांच्या घरी गेल्या. हवालदाराला घेऊन त्यांनी एकेक पाकीट तपासलं. संध्याकाळी त्यांनी तिघांना तिथेच बोलावलं: मुलीला, घड्याळजींना आणि कोठडीतून मावशीला.

मुलगी मावशीकडे पाठ करून उभी राहिली.

“काल तीन वाजता इथे गाणं चाललं होतं,” इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. “ते मधेच तुटलं आणि काका गेले. पण आम्ही आलो तेव्हा थाळी रिकामी होती. मारणाऱ्यानं पळायचं सोडून तबकडी उचलून ठेवली. का? टेबलावर कडक ऊन होतं आणि लाखेची तबकडी उन्हात वाकडी होते. माणूस मेलाय आणि याला तबकडीची काळजी.”

“हिनंच ठेवली असेल,” मुलगी म्हणाली.

“ठेवली असती तर कुठे? वहीत एकेचाळीस नोंदी आहेत. खालच्या फळीवर नव्या पाकिटांत चाळीस तबकड्या आहेत. सवयीनं मावशीनं एकेचाळिसावीही तिथेच ठेवली असती. तिच्यासाठी नवं पाकीट टेबलावर तयार होतं, ते कोरंच राहिलं. वरच्या कपाटात चाळीस पाकिटं रिकामी आहेत. एकेचाळिसावं, कालच्या नोंदीतल्या आकड्याचं, मात्र भरलेलं आहे. तबकडी आपल्या मूळ जागी गेली, शेकडो बिननावी पाकिटांतून नेमक्या त्या एका पाकिटात. मला आणि हवालदाराला ती जागा शोधायला पाच तास लागले. तुम्हाला तर वडिलांची मांडणी ठाऊकच नव्हती, ताई, आणि तुम्ही परगावी होतात. डोळे मिटून त्या जागेवर हात पडेल अशी दोनच माणसं होती. त्यातलं एक जमिनीवर पडलेलं होतं.”

इन्स्पेक्टर बाई घड्याळजींकडे वळल्या.

“वरची तबकडी ऐकून झाली की आता खालच्या फळीवर जाते, हे तुम्हाला माहीत नव्हतं. तुमच्या हिशेबी ती जिथली तिथे गेली. हँडल पुसलंत, पण हा तुमचा हात तुम्हाला आवरला नाही.”

“तो हसत होता,” घड्याळजी अखेर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. “मी सहज आलो होतो. म्हणाला, बरा आलास, बस, ऐक, आणि सुई टेकवली. सदतीस वर्षं आम्ही जपली होती ती. मी थांबव म्हटलं, दांड्याला हात घातला, त्यानं माझा हात धरला. हँडल कधी उचललं ते मला कळलं नाही. निदान ती तरी वाचली.”

इन्स्पेक्टर बाईंनी तबकडी पाकिटातून काढून त्यांच्यापुढे धरली. घड्याळजींनी भिंग लावलं. काठापासून मध्यापर्यंत पांढरा ओरखडा गेला होता. झटापटीत सुई घसरली होती. ते खाली बसले आणि मित्रासाठी रडले नसतील असे रडले. इन्स्पेक्टर बाईंना त्यांची दया आली नाही.

त्यांना नेल्यावर मुलगी मावशीजवळ आली. मावशीनं तिच्या बोलण्याची वाट पाहिली नाही. ती इन्स्पेक्टर बाईंकडे वळली.

“मला एक कागद लिहून द्याल? कोठडीत रात्र काढलेली बाई म्हणून गल्लीभर झालंय. पुढच्या घरी दाखवायला लागेल.”

असा कागद द्यायची रीत नव्हती. इन्स्पेक्टर बाईंनी ठाण्याचा कागद काढला, मावशीचा या खुनाशी काही संबंध नाही असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि वाचून दाखवला. दुपारच्या गाण्यांबद्दल त्यांनी त्यात अवाक्षर लिहिलं नव्हतं. तिचं नाव जपायला.

मावशीनं कागद हातात घेतला नाही.

“ते पण लिहा,” ती म्हणाली. “मी आणि काका रोज दुपारी बसून गाणी ऐकायचो. सगळ्यांसमोर लिहा. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हाच मी हे बोलले असते, तर त्या कोठडीत मी बसले नसते. आणि त्यांच्याजवळ कुणी तरी होतं, हेही कुठे तरी लिहिलेलं राहील.”

इन्स्पेक्टर बाईंनी पेनचं टोपण परत काढलं.