फिरत्या कॅमेऱ्यामागची धाव

शनिवारी दुपारी एनिडबाई एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात लिंबाच्या केकचा डबा घेऊन गावच्या हॉलकडे निघाल्या. वय एकोणऐंशी, गुडघे कधीच कामातून गेलेले, पण तोरा असा की जणू लग्नाला निघाल्यात. त्यांना आज एक चेहरा बघायचा होता.

लिंकनशायरमधलं ऑल्डरबी म्हणजे मूठभर घरं. पण जुन्या फोटोंचं वेड विचारू नका. कुणाच्या माळ्यावर जुना फोटो सापडला की अख्खं गाव चहाला जमणार आणि त्यातल्या डोक्यांना नावं लावत बसणार. या वेळी सापडला होता १९५३चा, राणीच्या राज्याभिषेकाच्या दिवशीचा. दिवसभर पाऊस, जरा उघडीप मिळाली तेवढ्यात काढलेला. सगळं गाव एकाच लांबलचक पट्टीवर.

फोटो होता फिरत्या कॅमेऱ्याचा. लोकांनी अर्धगोलात उभं राहायचं, मधोमध तिवईवरचा कॅमेरा किल्लीच्या जोरावर डावीकडून उजवीकडे हळूहळू वळायचा. वीस सेकंद लागायचे. डाव्या टोकाचं पोर चलाख असेल, तर आपला फोटो झाला की कॅमेऱ्यामागून पळत उजवं टोक गाठायचं आणि एकाच फोटोत दोनदा यायचं.

"येतेस का?" डल्सीनं तेव्हा विचारलं होतं. ही एनिडची थोरली बहीण, नऊ वर्षांची, नुसती भिंगरी.

"नको गं, पाद्री ओरडतील," सात वर्षांची एनिड म्हणाली होती.

डल्सी एकटीच पळाली. त्याच साली, पानगळीच्या दिवसांत, पोलिओनं तिला नेलं. घरात तिचा एकच फोटो होता, तो आईनं शवपेटीत तिच्या छातीवर ठेवला. बाहत्तर वर्षांत तो चेहरा एनिडबाईंच्या मनातून पुसला गेला. आता फक्त पडका दात तेवढा आठवत होता, आणि ह्याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

हॉलमध्ये एनिडबाईंच्या शेजारणीनं, मॉरीननं, फोटोवर पातळ कागद पसरला होता आणि प्रत्येक डोक्यावर ती पेन्सिलीनं नाव लिहीत होती. एनिडबाईंनी चष्मा पुसला. डाव्या टोकाला ओठ मुडपून उभी असलेली छोटी एनिड. तिच्या शेजारची जागा रिकामी. उजव्या टोकाला लोहाराचा खांदा आणि पुढे नुसतं ओलं गवत.

"घाई नडली कार्टीला," एनिडबाई म्हणाल्या. "कॅमेरा सुरू व्हायच्या आतच सुटली, आणि वाटेत घसरली. चिखलानं गुडघे माखून आली होती."

मॉरीननं गुपचूप केकचा मोठा तुकडा त्यांच्या बशीत ठेवला.

"चला, एनिडबाई," क्लाइव म्हणाला. ह्या पठ्ठ्यानं वर्षभर खपून तसलाच एक जुना कॅमेरा दुरुस्त केला होता, आणि आज तसाच फोटो पुन्हा काढायचा होता. "त्याच जागी उभ्या राहा. आणि पळायचं नाही हं, सांगून ठेवतो."

"पळते कसली. मला इथून उचलायलाच चार माणसं लागतील."

गाव खो खो हसत मैदानात गेलं. तीन आठवडे पावसाचा थेंब नव्हता, गवत पिवळं पडलेलं. एनिडबाई डाव्या टोकाला काठी टेकून उभ्या राहिल्या. किल्ली सुटली. कॅमेरा घरघरत त्यांच्यावरून पुढे सरकला...

आणि भर उन्हात ओल्या मातीचा वास आला. गार... अगदी जवळून. त्यांच्या डाव्या मुठीत दुसरी मूठ शिरली, लहानशी, बर्फासारखी. एनिडबाईंच्या अंगावर काटा आला. मान वळवायचा धीर होईना.

"येतेस का...?"

पाद्री केव्हाच मातीत गेले होते. ओरडायला होतं कोण?

"येते गं," एनिडबाई ओठांतल्या ओठांत म्हणाल्या.

कॅमेरा थांबला तेव्हा त्या होत्या तिथेच होत्या, पण धापा टाकत. गाल लालबुंद, आणि हसू काही केल्या थांबेना.

"ऊन लागलं वाटतं," म्हणत मॉरीननं त्यांना खुर्चीवर बसवलं, बूट सैल केले. मोजे पिळून निघतील इतके ओले होते.

दोन आठवड्यांनी क्लाइव फोटो घेऊन आला. त्यानं पट्टी टेबलावर उलगडली. डाव्या टोकाला एनिडबाई, काठी टेकून. मग सगळं गाव. उजव्या टोकाला, शेवटच्या माणसाच्याही पुढे, एक मुलगी. भिजलेल्या केसांची, माखलेल्या गुडघ्यांची, पडका दात दाखवत खदखदून हसणारी. चेहरा इतका स्वच्छ आलेला की नाकावरचे ठिपकेसुद्धा मोजावेत.

"अगं बाई, हनुवटीला खळी होती. विसरलेच होते मी," एनिडबाई म्हणाल्या, आणि मनसोक्त रडल्या.

मॉरीननं पातळ कागद पसरला. पेन्सिल त्या टोकाशी नेली. "आणि हिचा हात धरून... ही कोण लिहू?"

"एनिडच लिही. किती वर्षं राहिलं होतं."

मॉरीननं लिहिलं. मुलीचा हात धरून, काठीबिठी न घेता, एकोणऐंशी वर्षांच्या एनिडबाई उभ्या होत्या, धाप लागलेल्या, आनंदानं फुललेल्या. आणि त्यांच्या पांढऱ्या केसांतून पावसाचं पाणी निथळत होतं.