वक्त्याचा रकाना

आमच्या विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जुन्या कॅसेटी संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे आणि माझ्या धाकट्या बहिणीकडे होतं. तळमजल्यावरची खोली, खिडकी एकच, आणि यंत्रं तापू नयेत म्हणून बारा महिने गारठा. बहीण दिवसभर भजनं गुणगुणायची. ग्रंथपालबाई तिला ‘रेडिओ’ म्हणत. तिचा सूर लागला की त्या गारठ्यातही मला देवापाशी बसल्यासारखं वाटायचं.

कॅसेटी बहुतेक विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्यांच्या. एकीवर मात्र ना वकील होते ना न्यायाधीश. नुसती खरखर, आणि एका बाईचा कोरडा, घासलेला आवाज : “साहेब, मी इथेच होते. मला कुणी विचारलं नाही.”

बास, एवढंच.

नोंद करताना ‘वक्ता’ हा रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढे सरकतच नाही. अशा वेळी या धंद्यातले सगळे जे करतात तेच बहिणीने केलं. तात्पुरतं स्वतःचं नाव टाकलं. चला, एकदाची मीही साक्षीदार झाले, म्हणून हसली. मग दुसऱ्या कॅसेटी आल्या आणि नाव बदलायचं राहून गेलं.

तिचा घसा बसला तो त्यानंतर. डॉक्टरांनी गुळण्या सांगितल्या, आम्हीही फारसं मनावर घेतलं नाही.

जमा केलेल्या फाइलीत जरासा जरी बदल झाला तरी आमची यंत्रणा तिच्यापुढे लाल खूण करते. त्या फाइलीपुढे लाल खूण आली. मी राखीव प्रत काढून पुन्हा चढवली. पुन्हा लाल. शेवटी हेडफोन लावून ऐकलं. शब्द तेच होते, पण घासलेपणा ओसरला होता, आणि वाक्याच्या शेवटी एक गोड हेलकावा आला होता.

तो हेलकावा मी लहानपणापासून ऐकत आलोय.

बहिणीनेही ऐकलं. हेडफोन काढून तिने पडद्यावरच्या ‘वक्ता’ या रकान्यावर बोट ठेवलं.

“दादा, माझं नाव काढ तिथून,” ती म्हणाली.

बोलणारी समोर होती, आवाज कॅसेटवरच्या बाईचा होता.

जमा झालेली नोंद बदलायला ग्रंथपालबाईंची मंजुरी लागते. बाई नेमक्या रजेवर. मी फोनवर गयावया केली. एका रकान्यासाठी एवढं काय, म्हणून त्या हसल्या, पण परतल्यावर बघू म्हणाल्या. तोवर बहिणीने अंथरूण धरलं. ती बोलेनाशी झाली. मी तिच्या उशाशी बसून नाम घेत राहिलो, तेव्हा तिचे ओठ हलायचे. सूर फुटत नव्हता.

बाई आल्या, मंजुरी मिळाली. मी धावत खोलीत गेलो. बहिणीचं नाव पुसलं. संगणक रकाना रिकामा राहू देत नाही, म्हणून तिथे ‘अज्ञात’ लिहिलं.

खूण हिरवी झाली.

मी हात जोडले. खात्री करावी म्हणून फाइल लावली.

खरखर. मग कुणीतरी अगदी हळू भजन म्हणू लागलं. मध्येच थांबलं.

“दादा?”

टेबलावरचा फोन वाजला. घरून होता.

“साहेब,” कोरडा, घासलेला आवाज म्हणाला, “कधी येताय? मी इथेच आहे.”